पाण्याबाहेर राहिलेले वल्हे

मी एक जुने चित्र आहे, मित्रांनो, आणि खरे सांगायचे तर स्वस्थ बसणे मला कधी जमलेच नाही.

भिंतीवरची चित्रे शांत असतात असा तुमचा समज असेल. माझ्या शेजारी टोपलीतल्या डाळिंबांचे एक चित्र आहे, ते मात्र खरोखर शांत आहे. शेजारी म्हणून चांगले आहे बिचारे. पण माझ्या अंगात शर्यत चालू आहे. वेनिसच्या मोठ्या कालव्यावर नावा सुटल्या आहेत आणि अडीचशेहून अधिक वर्षे झाली तरी त्यांतली एकही अजून पोहोचलेली नाही. दोन्ही काठांच्या सज्ज्यांतून गालिचे लोंबत आहेत, त्यांवर रेलून बायका ओरडत आहेत. पांढरे मुखवटे घातलेली माणसे होड्यांत उभी राहून एकमेकांना कोपराने ढकलत आहेत. सरदारांच्या सोनेरी नावांच्या टोकाशी तरुण मंडळी गुडघे टेकून बसली आहेत आणि वाटेत आडव्या येणाऱ्या होड्यांवर धनुष्यातून मातीच्या गोळ्या मारत आहेत. एक कुत्रा पाण्यात पडण्याच्या बेतात आहे. हे सगळे अंगात चालू असताना तुम्हाला तरी झोप लागली असती का?

माझा जन्म सान निकोलोच्या वस्तीत झाला. ती कोळ्यांची आणि नावाड्यांची वस्ती. बोर्तोलो नावाच्या चित्रकाराने तिथे तळमजल्यावर एक खोली घेतली होती. इथला उजेड फार चांगला, असे तो सर्वांना सांगे. खरे म्हणजे दुसरीकडची जागा त्याला परवडत नव्हती. उजेडाबरोबर खोलीत मासळीचा वासही भरपूर येई. अजून कधी हवा दमट झाली की माझ्या मागच्या बाजूला तो वास येतो असे मला वाटते. कदाचित ती आठवण असेल.

माझे कापड जवसाच्या धाग्याचे आणि माझ्या रंगातले तेलही जवसाचे. एकाच रोपाची दोन लेकरे माझ्यात एकत्र आली. बोर्तोलोने कापड चौकटीवर ताणले, सरस लावला आणि वर विटकरी मातीचा रंग दिला. कितीतरी दिवस मी नुसते विटकरी होते. मग पट्टी लावून त्याने वाड्यांच्या रेघा ओढल्या. मग आभाळ आले, मग वाडे, आणि सर्वांत शेवटी पाणी आणि माणसे. बारीक कुंचल्याच्या टोकावर पांढरा रंग घेऊन तो लाटांची इवली वळणे काढी, तेव्हा मला गुदगुल्या होत. त्या अजून थांबलेल्या नाहीत.

त्या वसंतात उत्तरेकडचा कोणी राजपुत्र पाहुणा म्हणून आला होता आणि त्याच्या मानासाठी शहराने शर्यत भरवली होती. मोठ्या कालव्याच्या वळणावर तराफ्यांवर एक सोनेरी मंडप उभारला होता. शर्यत तिथे संपायची आणि बक्षिसेही तिथेच मिळायची. बोर्तोलोने मंडपाजवळ होडी बांधली आणि दिवसभर उभे राहून तपकिरी शाईने कागदामागून कागद भरले. त्या कागदांवरून मी तयार झाले. बदोलिन नावाच्या सरदार घराण्याने मला आधीच मागून ठेवले होते.

आता बक्षिसांचे ऐका, कारण माझी सगळी गोष्ट तिथेच अडकली आहे. पहिल्या तीन नावांना रेशमी निशाणे मिळत. पहिल्याचे निशाण लाल. ज्याला लाल निशाण मिळे, त्याची तसबीर काढून घेत आणि निशाणासकट घरात टांगत. आणि चौथ्या नावेला काय मिळे? डुकराचे जिवंत पिल्लू! चौथा येणे म्हणजे काही हरणे नव्हे. पिल्लू पोसले की घराचा हिवाळा सुखात जाई. पण चौथ्याची जी थट्टा होई ती पाचव्याची कधी होत नसे. पाचव्याकडे कोणी बघतच नसे. चौथा मात्र किंचाळणारे पिल्लू काखेत धरून सगळ्या शहरासमोरून घरी जाई.

माझ्यात मंडपाकडे येणाऱ्या नावांत एक नाव आहे, मागच्या बाजूची. तिच्यात दोन नावाडी उभे आहेत. मागे बास्तियान आहे. सान निकोलोच्या घाटावर तो लोकांना पलीकडे सोडायचा. त्याच्या घरी लाल निशाणांच्या दोन तसबिरी होत्या, एक बापाची आणि एक आजोबाची. पुढे आहे आंझोलो, बास्तियानच्या बायकोचा धाकटा भाऊ. आईबाप गेल्यावर बहिणीनेच त्याला वाढवले. त्या बहिणीचे नाव मेनेगा. शर्यतीच्या सकाळी नवऱ्याच्या हातात वल्हे बायकोने द्यायचे, अशी त्या लोकांची रीत. मेनेगाने वल्हे दिले आणि काय म्हणाली, ते पुढे वस्तीत सगळे सांगत. ती म्हणाली, "निशाण आणा नाहीतर डुक्कर आणा. पण हात हलवत आलात तर बघा!"

नाव शेवटच्या वळणापर्यंत चौथी होती. आणि पाचवी आली.

वेनिसचे नावाडी उभे राहून, पुढे तोंड करून वल्हवतात. त्यामुळे मागच्याला पुढचा दिसतो, पण पुढच्याला मागचा दिसत नाही. आंझोलोला फक्त इतकेच कळले की मंडप हाताच्या अंतरावर असताना नाव एकाएकी जड झाली आणि दुसरी एक नाव बाजूने सरकून पुढे गेली. त्याला वाटले, आपला हात गेला, त्यातली ताकद सरली.

मी अर्धे ओले असतानाच वस्ती मला बघायला यायची. प्रत्येकाला स्वतःला शोधायचे असे. एका संध्याकाळी मेनेगा आली, हात पुसत, मागे नवरा आणि भाऊ.

"कुठे आहेत आमचे?" तिने विचारले. बोर्तोलोने कुंचल्याच्या मागच्या टोकाने दाखवले. ती माझ्या इतकी जवळ आली की तिचा श्वास मला लागला.

"अगं बाई! एवढासाच काढलात? घरी ह्यांच्यानं दार अडतं, आणि इथे माशीएवढे?"

"लांबचा माणूस लहानच दिसतो, मेनेगा."

"मग जवळ आणा की! ह्या दांडग्या वाड्याला एवढी जागा दिलीत. वाडा कुठे पळून जाणार होता?"

सगळे हसले. बोर्तोलोही हसला. मग ती म्हणाली, "बाकी पाचव्या नावेला काढलंत हेच पुष्कळ. चौथे आले असते तर पिल्लूही काढलं असतंत. मी कोपरा झाडून ठेवला होता हो त्याच्यासाठी! आंझोलो, अरे तिथे दारात काय उभा? ये ना बघायला."

"काय बघू, ताई?" दारातून आवाज आला. "माझ्यामुळे आपण पाचवे आलो, ते?"

खोलीतले हसू तिथेच संपले. मेनेगा वळली. "पुन्हा तेच? किती वेळा सांगायचं तुला?"

"सांगून हात परत येतो का? शेवटच्या वळणावर माझ्यात दमच उरला नाही. वल्हं पाण्यात होतं आणि नाव पुढे जात नव्हती. घाटावरची जागा सोडली मी. कोर्फू बेटाला जाणाऱ्या जहाजावर ओझी उचलायला माणसं हवी आहेत. तिथे वल्हं धरावं लागत नाही."

ज्या वस्तीत मूल चालायला लागायच्या आधी वल्ह्याला हात लावते, तिथल्या पोराने वल्हे टाकणे म्हणजे काय, हे तुम्हाला कसे समजावून सांगू? पक्ष्याने पायी प्रवास करायचे ठरवावे तसे ते होते. मेनेगाने शालीच्या टोकाशी चाळा केला आणि भावाला घेऊन निघून गेली.

बास्तियान मात्र मागे राहिला. तो माझ्याकडे बघत होता. नावेकडे नव्हे, नावेच्या मागच्या टोकाकडे. तिथे तो स्वतः उभा होता, आणि त्याचे वल्हे पाण्याबाहेर होते.

मित्रांनो, माझ्यात पुष्कळ वल्ही आहेत आणि ती सगळी पाण्यात घुसलेली आहेत. हे एकच वर उचललेले आहे, आडवे, हवेत, त्याच्या पात्यावरून थेंब गळत आहेत. बोर्तोलोच्या कागदावर तसेच होते, म्हणून माझ्यावरही तसेच उतरले. नाव का जड झाली, ते मला ठाऊक होते. बास्तियानला ठाऊक होते. आणि ज्याला ठाऊक असायला हवे होते तो बोचके बांधत होता. मला तोंड नाही. त्या रात्री माझ्यातल्या सगळ्या सज्ज्यांतून सगळी माणसे ओरडत होती, पण एकाचाही आवाज माझ्या बाहेर जाईना.

दुसऱ्या दिवशी बास्तियान एकटाच आला. टोपी हातात घेऊन बराच वेळ रंगांच्या वाट्या बघत राहिला.

"सियोर बोर्तोलो, एक विचारू? ते माझं वल्हं... ते पाण्यात घ्याल का?"

"का रे?"

"चूक दिसते ती. शर्यतीत असं कोणी वल्हं धरतं का? सरदारांच्या वाड्यात लागणार हे. नावाडी येतील, जातील. तुम्हाला हसतील लोक."

"मी तर जे बघितलं तेच काढलं."

"एवढ्या गर्दीत नजर चुकते माणसाची."

बोर्तोलो तसा भला माणूस, पण स्वतःच्या नजरेवर त्याचा पुरता विश्वास नव्हता. आदल्याच वर्षी एका देवळाच्या घुमटाला त्याने एक खिडकी जास्त काढली होती आणि दुसरे चित्रकार अजून त्यावरून त्याला चिडवत. शिवाय बदोलिनांचा कारभारी मला न्यायला कधीही येणार होता. तो कपाळ चोळत म्हणाला, "असेल बाबा. वल्हं वर-खाली होतच असतं. आण ती हिरवट रंगाची वाटी."

गार, ओला कुंचला माझ्यावर टेकला. हवेतले वल्हे पाण्याच्या रंगाखाली गेले आणि त्याच्या जागी दुसरे वल्हे आले, तिरपे, जोर लावलेले, पाण्यात घुसलेले. इतके छान काढले होते म्हणून सांगू! खोटे असूनही ते खऱ्यापेक्षा खरे दिसत होते. मला अंगावर झुरळ बसल्यासारखे वाटले. झटकायला हात नव्हते.

बोर्तोलो कुंचले धुवायला मागच्या पायऱ्यांवर गेला. बास्तियानने कपाळाचा घाम पुसला आणि तो निघणार, एवढ्यात दारात मेनेगाचा आवाज आला. ती भावाला दंडाला धरून ओढत आणत होती. त्याच्या खांद्यावर बोचके होते.

"जहाज काही तुला सोडून जात नाही. काल दारातून परत फिरलास. समुद्रावर जाण्याआधी आपलं तोंड रंगात तरी बघून जा. हे इथेच आहेत होय? बरं झालं. दाखवा हो ह्याला."

आंझोलो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याला जबरदस्तीने आणले होते, पण एकदा बघायला लागल्यावर तो नावाड्यासारखा बघू लागला. पहिली नाव, दुसरी नाव, कोणाची पकड कशी आहे, कोणाचा पाय कुठे आहे. मग आपली नाव. आपले वल्हे. मग मागचे वल्हे. तिथे तो थांबला.

"दाजींचं वल्हं पुरतं पाण्यात आहे," तो हळूच म्हणाला. "बघ ताई. दांडा कसा वाकलाय. सगळा जोर लावलाय त्यांनी."

"मग? लावणारच."

"नाही, म्हणजे..." त्याने बोचके खाली ठेवले आणि बास्तियानकडे वळला. "दाजी, एक सांगून जातो. नाहीतर वाटेत मला खात राहील. नाव जड झाली ना, तेव्हा माझ्या मनात आलं होतं, दाजींनी तर वल्हं थांबवलं नाही ना? क्षणभरच आलं. पण आलं. बापाच्या जागी तुम्ही, आणि मी तुमच्यावर संशय घेतला. मला माफ करा."

आणि तो वाकून बास्तियानचा हात हातात घेऊ लागला.

मी आयुष्यात पुष्कळ गर्दी पाहिली आहे, पण बास्तियानच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जेवढे काही धावून गेले तेवढे मोठ्या कालव्यावरूनही कधी गेले नसेल. त्याने हात झटकन मागे घेतला. मला वाटले, आता हा निघून जाणार. तो माझ्याकडे आला. आपला जाडजूड, वल्ह्याने घट्टे पडलेला अंगठा त्याने माझ्यावर टेकवला आणि जोरात घासला.

मेनेगा किंचाळली. "अहो! वेड लागलं का? सरदारांचं चित्र ते!"

वरचा रंग ओला होता. खालचा वाळलेला होता. ओले ते सगळे अंगठ्याला लागून निघाले, आणि खालचे वल्हे पुन्हा वर आले, पाण्याबाहेर, आडवे, थेंब गाळणारे.

"हे खरं आहे," बास्तियान म्हणाला. "वल्हं मी उचललं. मंडपाजवळ आलो आणि सज्ज्यांतून लोक डुकरासारखे ओरडायला लागले. सगळे माझ्याकडे बघून. माझ्या बापाचं लाल निशाण, आजोबाचं लाल निशाण, आणि मी पिल्लू काखेत मारून घरी यायचं? मी वल्हं उचललं आणि ती नाव पुढे जाऊ दिली. तुझा हात गेला नाही, आंझोलो. तू एकटा दोघांची नाव ओढत होतास."

बाहेरून एक होडी गेली, तिचे पाणी पायऱ्यांवर आपटले.

"म्हणजे माझं डुक्कर तुम्ही सोडून दिलंत?" मेनेगाने विचारले. हसावे की रडावे हे तिला कळत नसावे. मग तिचा चेहरा बदलला. "डुक्कर मेलं तिकडे. हा पोरगा रात्र रात्र हात चोळत बसायचा. मी तेल कढवून लावायचे. तुम्ही दिवा धरून उभे राहायचात. तेव्हा जीभ कुठे होती तुमची?"

"उद्या सांगू म्हणायचो."

आंझोलो अजून त्या वल्ह्याकडेच बघत होता. "दाजी, लोक तासभर हसले असते," तो म्हणाला. "फार तर आठवडाभर. मीही हसलो असतो. पिल्लाला तुमचं नाव ठेवलं असतं." मग त्याने बोचके उचलले. "संशयाची माफी मागितली ती परत घेतो."

तो निघून गेला. मेनेगा त्याच्या मागे धावली. बास्तियान तिथेच उभा राहिला, अंगठ्याला हिरवट रंग लागलेला.

बोर्तोलो परत आला तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. पण बास्तियान म्हणाला, "तुमची नजर चुकली नव्हती, सियोर. आता त्याला हात लावू नका. लोकांना बघू दे." बोर्तोलोने फडक्याने कडेचा रंग पुसला. वल्हे होते तसे राहिले.

कारभारी आला आणि मला घेऊन गेला. आंझोलो जहाजावर चढला की घाटावरून परत फिरला, ते मला कळले नाही. विचारणार कोणाला?

बदोलिनांच्या वाड्यात माझी चैन होती. मोठ्या दिवाणखान्यात, सोनेरी चौकटीत, आणि समोरच कालव्यावर उघडणाऱ्या उंच खिडक्या. पाहुणे माझ्यासमोर उभे राहून वाहवा करत. नावाडी निरोप घेऊन येत, ते मात्र वाहवा करत नसत. ते वाकून मागच्या नावेकडे बघत आणि एकमेकांना कोपर मारत. बास्तियानने सांगितल्याप्रमाणे लोक बघत होते. माझे लक्ष खिडकीकडे असे. जाणाऱ्या प्रत्येक नावेत मी दोन माणसे शोधत असे. लोक मला बघत आणि मी कालवा बघत असे.

काही वर्षांनी पुन्हा शर्यत भरली. खिडक्यांवर गालिचे सोडले. आरडाओरडा ऐकू आला आणि मंडपाकडे परतणाऱ्या नावा आमच्या वाड्यासमोरून धावू लागल्या. त्यांतल्या एकीत पुढे केस पांढरे झालेला बास्तियान होता आणि मागे, सगळे दिसते त्या जागेवर, आंझोलो. त्याचे खांदे रुंद झाले होते आणि तो उन्हाने काळवंडला होता, समुद्रावर राहिलेली माणसे काळवंडतात तसा. तो कधी गेला, कधी आला, कोणी कोणाची समजूत घातली, मला ठाऊक नाही. काठाच्या एका होडीत मेनेगा उभी होती. तिचा आवाज सगळ्या गलक्यावरून माझ्यापर्यंत आला. "आंझोलो, लक्ष ठेव रे त्यांच्यावर! हात थांबवला तर ढकल पाण्यात!"

नावेतले दोघेही हसत होते. पण वल्ही थांबली नाहीत. नाव वळणामागे गेली. मंडप तिथून दिसत नव्हता. पहिले आले की शेवटचे, मला आजतागायत माहीत नाही, आणि त्याबद्दल मी अजून तळमळत असते.

नंतरचे थोडक्यात सांगते. शहराचे राज्य गेले, शर्यती बंद पडल्या, बदोलिनांचा वाडा विकला गेला. मला चौकटीतून काढून घाईघाईने गुंडाळले, तेही रंग आतल्या बाजूला ठेवून. त्यामुळे माझ्या आभाळाला भेगा पडल्या. मग तळमजल्यावरच्या एका कोठीत खुर्च्यांच्या मागे मी पडून राहिले. समुद्राला भरती आली की पाणी दाराखालून आत येई आणि माझी खालची कड भिजवून जाई. खाऱ्या पाण्याने कापड कुजते, मित्रांनो. मी शर्यतीचे चित्र, आणि माझ्यात बुरशीशिवाय काही हलत नव्हते.

पुढे एका व्यापाऱ्याने मला बाहेर काढले. मी आनंदले, पण थोडाच वेळ. त्याने मला न्याहाळून सांगितले, "हे वल्हं चुकलंय. चूक असलेलं चित्र कोण घेईल?" आणि कोणाकडून तरी ते पाण्यात घालून घेतले. ह्या वेळी घासायला अंगठा नव्हता. रंग वाळला, कडक झाला, त्यावर चकाकीचा थर चढला. त्या खोट्या वल्ह्याखाली मी शंभर वर्षांहून अधिक काळ काढला. लोक म्हणत, "काय जोर लावलाय बघा मागच्यानं!" आणि माझ्यातला आंझोलो तिथे पुढे उभा, पुन्हा एकदा हात गेलेला. मी कोणालाच काही सांगू शकत नव्हते.

शेवटी मी ह्या संग्रहालयात आले. इथल्या नीवेस नावाच्या बाईंनी मला टेबलावर आडवे निजवले, भिंगातून बघितले आणि चकाकीखाली दुसरा रंग असल्याचे ओळखले. कापसाचा बोळा, थेंबभर औषध, मग थांबायचे. पुन्हा बोळा, पुन्हा थांबायचे. "तुला घाई असेल, मला नाही," असे त्या माझ्याशी बोलत. बास्तियानने जे एका अंगठ्याने केले त्याला त्यांना सगळा हिवाळा लागला.

तेव्हापासून मी ह्या भिंतीवर आहे. शाळेची मुले येतात, धावत. त्यांचे धावणे मला आवडते, माझ्या स्वभावाला धरूनच आहे ते. पण माझे थोडे ऐका. मला बोट लावू नका, तुमच्या बोटाचा घाम माझ्या भेगांत शिरतो. घरात जुनी चित्रे, तसबिरी असतील तर ओलीच्या भिंतीला टांगू नका. कधी गुंडाळायचीच वेळ आली तर रंग बाहेरच्या बाजूला ठेवा. आणि एखादी गोष्ट तुम्हाला चूक वाटली म्हणून लगेच दुरुस्त करायला धावू नका. आधी विचारा, ती तशी का आहे.

माझ्यासमोर उभे राहिलात की सगळ्यांची नजर पहिल्या नावेकडे जाते. तुम्ही मागच्या नावेकडेही बघा. तिथे पुढे एक तरुण उभा आहे. तो जीव तोडून वल्हवतो आहे आणि मागे काय झाले ते त्याला दिसत नाही. असा कोणी तुमच्याही घरात किंवा वर्गात असेल. तुमच्या हातून घडलेल्या गोष्टीसाठी तो स्वतःला दोष देत बसला असेल. त्याला आजच जाऊन सांगा. उद्यापर्यंत रंग वाळतो.